झाड फुलतं, पण फळ धरत नाही: थंड प्रदेशातल्या परसबागेसाठी तपासणीचा क्रम

सफरचंद, नाशपाती, चेरी, आलुबुखार, जर्दाळू, पीच. थंड प्रदेशात घरामागे लावलेल्या या झाडांबद्दल माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते: झाड धडधाकट आहे, पण फळ मिळत नाही. तक्रार माझ्यापर्यंत येते तोवर बहुतेकांनी खत घातलेलं असतं आणि करवतही चालवलेली असते. हे दोन्ही उपाय इथे बहुधा उलटेच पडतात. म्हणून हात लावण्याआधी एवढंच ठरवा, की फळ नेमकं कुठे गेलं. कळीत मेलं, फुलात मेलं, की धरल्यानंतर गळलं? हे कळलं की कारण शोधायला वेळ लागत नाही.

लक्षणं

फुलंच येत नाहीत, पानं मात्र गर्द हिरवी आणि नव्या फांद्या सरळसोट उंच. याचं मूळ आदल्या उन्हाळ्यात असतं, कारण या झाडांच्या पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. वय, छाटणी, नत्र, ऊन, किंवा आदल्या वर्षी झालेलं जादा फळ, यांपैकी काहीतरी आडवं आलेलं असतं.

फुलं येतात, पण फक्त खालच्या फांद्यांवर. वरचा सगळा भाग नुसत्या पानांचा. पीचच्या झाडावर हे हमखास दिसतं. जेवढा भाग हिवाळाभर बर्फाखाली गाडलेला होता तेवढ्याच कळ्या वाचल्या, उघड्यावरच्या कळ्या कडाक्यात मेल्या.

भरगच्च फुलोरा येतो, पाकळ्या झडतात आणि दोनेक आठवड्यांत देठही पिवळे पडून गळतात. फुलाच्या बुडाशी फुगवटा धरतच नाही. एक तर थंडीनं फूल मारलं, नाही तर परागीभवन झालं नाही. या दोन कारणांत फरक करणं हेच या लेखातलं मुख्य काम आहे.

फळ धरतं, वाटाण्याएवढं किंवा गोटीएवढं होतं आणि मग गळतं. यातली थोडी गळ स्वाभाविक आहे, झाड झेपेल तेवढंच ठेवतं. पण जवळजवळ सगळंच गळलं, किंवा उरलेली फळं एका बाजूनं चेपलेली निघाली, तर परागीभवन अर्धवट झालेलं असतं.

एका वर्षी फांद्या मोडतील इतकं फळ आणि पुढच्या वर्षी फुलंसुद्धा नाहीत.

फुलं तपकिरी-काळी पडून झाडालाच चिकटून राहतात आणि शेजारची पालवीही करपते. हे दिसत असेल तर खालच्या तपासण्या सोडा आणि शेवटचा भाग आधी वाचा.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. सफरचंदाच्या भरगच्च फुलोऱ्यातल्या शंभर फुलांपैकी पाच ते दहा धरली तरी झाडाला पूर्ण पीक झालं असं समजतात. तेव्हा जमिनीवर फुलांचा सडा पडला म्हणून घाबरू नका. चेरीचं फळ लहान, तिथे मात्र यापेक्षा पुष्कळ जास्त फुलं धरावी लागतात.

१. झाडाचं वय आणि खुंट

याला खर्च काहीच नाही. रोपासोबत आलेली चिठ्ठी शोधा. जात कोणती आणि कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, केलंय, या दोन गोष्टी त्यावर असतात. सफरचंद कधी फळावर येणार हे बऱ्याच अंशी खुंट ठरवतो. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून आलेल्या एम ९ या बुटक्या खुंटावरचं झाड दोन-तीन वर्षांत फळ दाखवतं. एमएम १०६ वरचं साधारण तीन-चार वर्षांत. बियांपासून वाढवलेल्या जोमदार खुंटावरचं झाड सहा ते दहा वर्षंही घेतं. थंड प्रदेशात काटकपणासाठी अंतोनोव्का जातीच्या बियांचा खुंट पुष्कळ वापरतात. तो कडाका उत्तम सोसतो, पण धीर धरायला लावतो. असं झाड चौथ्या वर्षी फुललं नाही तर त्याला काहीही झालेलं नाही. त्याला मोकळं सोडा.

चिठ्ठी हरवली असेल तर निदान कलमाचा सांधा बघा. जमिनीपासून वीतभर वर खोडाला किंचित वाक किंवा गाठ दिसते. ती गाठ मातीत गाडली गेली असेल तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटू शकतात, आणि बुटक्या खुंटाचा सगळा फायदा निघून जातो.

याच वेळी खोडाच्या बुडाशी वाकून आणखी एक खात्री करा: आजचं झाड म्हणजे तुम्ही लावलेलीच जात आहे ना? कडक हिवाळ्यात सांध्याच्या वरचा भाग मरतो, खालून खुंटाचे फुटवे येतात, आणि दोन-तीन वर्षांत त्यातलाच एक फुटवा झाड होऊन बसतो. मालकाला वाटतं झाड सावरलं. प्रत्यक्षात तो खुंट वाढत असतो, फळ उशिरा येतं आणि आलंच तर बारीक, तुरट. पान वेगळं दिसत असेल आणि मुख्य फांदी सांध्याच्या खालून निघालेली असेल, तर पुढच्या तपासण्यांची गरज नाही. नवं रोप लावा, किंवा त्याच खुंटावर पुन्हा कलम बांधा.

२. फूल कापून बघा

यासाठी एक धारदार पातं पुरतं, आणि संपूर्ण यादीत याच्याइतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही. तरीही लोक नेमकी हीच टाळतात, फुलं कापायला मन धजत नाही म्हणून. दहा-वीस फुलांनी झाडाचं काही बिघडत नाही.

गोठवणारी रात्र होऊन गेली की लगेच पहाटे कापू नका. काही तास जाऊ द्या, ऊतींचा रंग बदलायला वेळ लागतो. मग वेगवेगळ्या उंचीवरची फुलं तोडा. पाकळ्या बाजूला सारा आणि फुलाच्या मधोमध, देठापर्यंत उभा छेद द्या. जिवंत फुलात मधला स्त्रीकेसर आणि त्याखालचा बीजांडकोश फिकट हिरवा, ओलसर दिसतो. मेलेल्या फुलात तिथेच तपकिरी किंवा काळा ठिपका असतो. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, पुंकेसर पिवळेधमक, मधमाशीही येऊन बसलेली, आणि मध्यभाग काळा ठिक्कर: हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. म्हणूनच लांबून बघून थंडीचं नुकसान कळत नाही, आणि पाकळ्या झडेपर्यंत माणूस आशेवर राहतो.

सफरचंदाच्या एका गुच्छात साधारण पाच-सहा फुलं असतात आणि मधलं सर्वांत आधी उमलतं. थंडीच्या तडाख्यात बऱ्याचदा ते एकटंच जातं, बाजूच्या कळ्या वाचतात. म्हणून एका गुच्छातलं एकच फूल कापून निष्कर्ष काढू नका, अख्खा गुच्छ तपासा. मधलं गेलं आणि बाजूची दोन जिवंत असली तरी पीक हातात आहे.

किती थंडीला किती नुकसान, हे कळीच्या अवस्थेवर ठरतं. सफरचंदाचे सर्वसाधारण आकडे असे: कळीला नुकती रुपेरी टोकं दिसू लागली असतील तर उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास दहा टक्के कळ्या मरतात, बाकीच्या सोसून जातात. हिरवी पानं अर्ध्या इंचाएवढी बाहेर आली की तेवढंच नुकसान उणे ५ ला होतं. कळी गुलाबी झाल्यापासून पूर्ण उमलेपर्यंत उणे २.२ ला दहा टक्के, आणि उणे ३.९ ला नव्वद टक्के फुलं जातात. म्हणजे फुलोऱ्यात असताना थोडं नुकसान आणि सर्वनाश यांच्यात दोन अंशांचंही अंतर नसतं. पुढच्या तपासणीत त्या दोन अंशांसाठीच सगळी धडपड आहे.

कळी उघडण्याआधीच मेली असेल, तर तीही अशीच कळते. कडाका ओसरल्यावर एक काडी घरात आणा, दिवसभर खोलीच्या उबेत ठेवा आणि फुगीर कळ्यांना आडवा छेद द्या. सगळीकडे हिरवं तर जिवंत, मधे तपकिरी ठिपका तर मेली. पीचच्या फुलकळ्या उणे २३ ते उणे २६ अंशांच्या आसपास मोठ्या प्रमाणात मरतात, झाड मात्र जगू शकतं. दर हिवाळ्यात पारा तिथवर जात असेल, तर त्या जागी उघड्यावर पीच लावून फळाची वाट बघण्यात अर्थ नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण खोटी आशा दाखवून मी कुणाची वर्षं वाया घालवणार नाही.

३. तापमान झाडापाशी मोजा

हवामानाचा अंदाज आणि तुमच्या झाडाच्या फांदीवरचं तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. रात्रीचं सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर घ्या आणि फुलांच्या उंचीवर टांगा. भिंतीला नको, खांबाला नको, फांदीलाच.

हे इतकं महत्त्वाचं का, तर थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. निरभ्र आकाश, वारा पडलेला, हवा कोरडी, अशा रात्री जमीन आपली उष्णता झपाट्यानं सोडते आणि गार हवा बागेच्या सखल कोपऱ्यात साचते. उताराच्या तळाला दाट कुंपण किंवा भिंत असेल तर तिच्यामागे थंडीचं तळंच होतं. एकाच बागेत वरचं झाड लगडलेलं आणि खालचं रिकामं असेल, तर दोन्हीकडे थर्मामीटर लावा, खुलासा मिळेल. कुंपणाच्या तळाशी फट ठेवून गार हवेला वाट करून देणं हा बिनखर्ची उपाय आहे आणि तो खरोखर लागू पडतो.

फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाखालचं आच्छादन, पेंढा, उंच गवत बाजूला करा आणि मातीत ओल ठेवा. उघडी, ओली, घट्ट बसलेली जमीन दिवसभर ऊन पिऊन रात्री ते परत देते. पेंढ्याखालची जमीन उबदार राहते खरी, पण ती ऊब वर फुलांपर्यंत येत नाही. फुलोरा संपला की आच्छादन पुन्हा पसरा.

लहान झाड झाकता येतं. सूर्यास्तापूर्वी झाका, म्हणजे जमिनीची ऊब आत अडकते. कापड जमिनीपर्यंत आलंच पाहिजे. झाडाच्या डोक्यावर कापड टाकून ते खोडाभोवती बांधून टाकतात, त्याचा उपयोग होत नाही, कारण ऊब जमिनीतून येते आणि तिची वाटच त्या गाठीनं बंद होते. प्लास्टिक असेल तर ते फुलांना टेकू देऊ नका, टेकलेलं फूल आधी गोठतं. आत जुन्या पद्धतीच्या, तापणाऱ्या बल्बांची माळ सोडली तर आणखी थोडी ऊब मिळते. एलईडीच्या माळेनं काही होत नाही, ती तापतच नाही. सकाळी मात्र झाकण काढायला विसरू नका, मधमाश्यांना आत जाता आलं पाहिजे.

रात्रभर फवाऱ्यानं पाणी मारून फुलं वाचवतात हे तुम्ही ऐकलं असेल. तत्त्व खरं आहे. पाणी गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फात अडकलेलं फूल शून्याच्या जवळपास टिकून राहतं. पण पाण्याची वाफ होताना ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी खेचल्या जातात. म्हणजे पाणी मधेच बंद पडलं किंवा कमी पडलं, तर फूल कोरडं असताना झालं असतं त्यापेक्षा जास्त थंड होतं. बर्फ वितळेपर्यंत अखंड पाणी देण्याची खात्री नसेल, तर घरच्या बागेत या वाटेला जाऊ नका. बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडतात ते वेगळंच.

४. परागीभवन: एक मऊ कुंचला आणि लोकरीचा धागा

फूल कापलं, मधे हिरवं निघालं, तरी फळ नाही. मग संशय परागीभवनावर. सफरचंद, नाशपाती आणि बहुतेक गोड चेरींना स्वतःचा पराग चालत नाही, त्याच फळाच्या दुसऱ्या जातीचा लागतो. आंबट चेरी, पीच, बहुतेक जर्दाळू आणि स्टॅन्ली, व्हिक्टोरियासारखे युरोपीय आलुबुखार एकट्यानं फळतात.

इथे प्रयोग करा, अंदाज करू नका. उमललेल्या फुलांची एक फांदी निवडा आणि तिला रंगीत लोकरीचा धागा बांधा. त्याच फळाच्या दुसऱ्या जातीची ताजी उमललेली फुलं कुठून तरी मिळवा, दुपारच्या कोरड्या, उबदार वेळेला त्यांचा पराग मऊ कुंचल्यावर घ्या आणि धागा बांधलेल्या फांदीवरच्या प्रत्येक फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाकी झाडाला हात लावू नका. दोन-तीन आठवड्यांनी मोजा. धाग्याच्या फांदीवर फळ धरलं आणि बाकी झाड रिकामं, तर झाडाला सोबती नाही किंवा पराग वाहून आणणारं कुणी नाही. दोन्हीकडे रिकामं, तर पुन्हा पातं घ्या, थंडीचं नुकसान तुमच्या नजरेतून सुटलं असण्याची शक्यता जास्त. इतका स्वच्छ निकाल देणारी चाचणी घरच्या बागेत दुसरी मिळणार नाही. नवं झाड विकत घेण्याआधी ही चाचणी कराच.

सोबती झाड आहे असं वाटतं आणि तरी फळ नाही, असंही होतं. त्यामागे जातींचे जुने तिढे असतात. जोनागोल्ड, मुत्सू, ब्रॅमली, ग्रॅव्हन्स्टाइन या सफरचंदांचा पराग निकामी असतो. ती झाडं दुसऱ्याकडून घेतात, पण कुणाला देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत आणखी दोन जाती लागतात. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तिन्ही गोड चेरी एकमेकींना चालत नाहीत. तिन्ही लावल्या तरी चौथी हवीच. बार्टलेट आणि सेकेल या नाशपातींचंही जमत नाही. जपानी आलुबुखार आणि युरोपीय आलुबुखार शेजारी लावून उपयोग नाही, त्यांची गुणसूत्रंच जुळत नाहीत. अतिथंड भागासाठी तयार केलेल्या संकरित आलुबुखारांना तोका ही जात किंवा रानटी अमेरिकी आलुबुखार सोबतीला देतात. आणि जात जुळली तरी फुलोरा एकाच वेळी यायला हवा. एकाची फुलं झडल्यावर दुसरं फुललं तर दोन्ही झाडं एकटीच.

जागा नसेल तर दुसरं झाड लावायलाच हवं असं नाही. सोबती जातीची एक फांदी त्याच झाडावर कलम करा, किंवा तूर्त तिच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून झाडाखाली ठेवा. सफरचंदाला शोभेचं बारक्या फळांचं रानटी सफरचंदही चालतं.

आता पराग नेणाऱ्यांविषयी. पारा दहा-बारा अंशांच्या खाली असला की मधमाश्या पोळं फारसं सोडत नाहीत. पावसात आणि जोराच्या वाऱ्यातही नाही. भुंग्यासारख्या दिसणाऱ्या केसाळ बंबलबी आणि नळ्यांमध्ये घरटी करणाऱ्या एकट्या माश्या त्याहून थंडीत काम करतात. थंड प्रदेशातल्या परसबागेचा खरा आधार त्याच आहेत. त्यांच्यासाठी बागेचा एखादा कोपरा न आवरता ठेवा, पोकळ काड्यांच्या जुड्या वाऱ्याच्या आडोशाला बांधा. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक कधीही फवारू नका. शिवाय कार्बारिल हे कीटकनाशक फुलोऱ्यानंतर लगेच फवारलं तर सफरचंदाची बाळफळंच गळतात. बागायतदार ते विरळणीसाठी मुद्दाम वापरत आले आहेत. काही देशांत त्यावर बंदी आहे, पण जुन्या डब्यांतून ते अजून निघतं. डब्यावरचं नाव वाचा.

परागीभवन अर्धवट झालं की नाही हे गळालेलं फळ सांगतं. गोटीएवढं सफरचंद आडवं कापा. आत पाच कप्प्यांची चांदणी दिसते, प्रत्येक कप्प्यात साधारण दोन बिया, म्हणजे पूर्ण भरलेल्या फळात दहा. दोन-तीनच भरलेल्या आणि बाकी कप्पे पोकळ असतील, तर पराग अपुरा पडला. ज्या बाजूला बिया नाहीत तीच बाजू चेपलेली दिसेल. कप्प्यांऐवजी आत अळी आणि भुसा निघाला तर प्रश्न किडीचा आहे, परागाचा नाही.

५. छाटणी, नत्र आणि ऊन

ही तपासणी फुलंच न येणाऱ्या झाडांसाठी. टेप घ्या आणि गेल्या वर्षभरातली वाढ मोजा, म्हणजे फांदीच्या टोकापासून मागे, सालीवरच्या पहिल्या वळ्यापर्यंत. फळावर आलेल्या सफरचंदाला वर्षाला वीस-तीस सेंटिमीटर वाढ पुरे. साठच्या पुढे जात असेल तर झाडाला नत्र जास्त होतंय किंवा छाटणी जास्त होतेय, बहुधा दोन्ही. खत झाडाला घातलेलं नसतं, पण शेजारच्या हिरवळीला घातलेलं असतं आणि झाडाची मुळं तिथवर पोचलेली असतात. अशा झाडाखालच्या हिरवळीला खत घालणं थांबवा. एक-दोन वर्षं काहीही घालू नका.

छाटणी करताना कुठल्या फळाची फुलं कुठल्या लाकडावर येतात हे माहीत हवं. सफरचंद आणि नाशपाती दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड, सुरकुतलेल्या फळकाड्यांवर येतात. या काड्या वाळल्यासारख्या दिसतात म्हणून झाड साफ करण्याच्या नादात त्या कापल्या जातात, आणि त्यासोबत कित्येक वर्षांचं फळ जातं. काही सफरचंदं काडीच्या टोकाला फुलतात. त्यांची टोकं दरवर्षी खुडली तर फळ येणारच नाही. पीच नेमकं उलट, गेल्या वर्षीच्या काडीवरच फुलतं, त्यामुळे त्याला नियमित छाटणी हवीच. हिवाळ्यात जोरात कापलेलं झाड सरळसोट पानसोट, म्हणजे नुसत्या पानांच्या जोमदार फांद्या, फेकून उत्तर देतं. ते उन्हाळ्यात काढा आणि चांगल्या जागेवरच्या काड्या कापण्याऐवजी आडव्या बांधून घ्या. आडवी काडी लवकर फुलते.

उन्हाबद्दल थोडक्यात: वाढीच्या दिवसांत रोज सहा ते आठ तास थेट ऊन. शेजारचं झाड गेल्या काही वर्षांत मोठं झालंय का, ते वर मान करून बघा.

६. एक वर्षाआड फळ

हे रोगाचं लक्षण नाही. फळातल्या कोवळ्या बिया जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते शेजारी तयार होणाऱ्या पुढच्या वर्षीच्या फुलकळ्यांना रोखतं. फळ जास्त, बिया जास्त, पुढच्या वर्षी फूल नाही. काही जाती यात फार पुढे आहेत. मिनेसोटा विद्यापीठानं १९९१ मध्ये आणलेली हनीक्रिस्प त्यातलीच. कधी कधी एका वर्षीच्या कडाक्यानं सगळी फुलं मारली की पुढच्या वर्षी झाड तुडुंब फळतं आणि हे चक्र तिथून सुरू होतं.

उपाय विरळणीचा, आणि तो फळांच्या वर्षी करायचा, रिकाम्या वर्षी नाही. पाकळ्या झडल्यापासून महिन्याभरात, एका गुच्छात एकच फळ ठेवा आणि दोन फळांत वीतभर अंतर. उशीर केला तर उरलेली फळं मोठी होतील, पण पुढच्या वर्षीच्या कळ्यांची वेळ निघून गेलेली असेल. इतकी फळं खुडताना जीव हळहळतो. तरीही खुडा.

७. खोड, साल आणि माती

बर्फ वितळला की खोडाभोवती बसून साल बघा. हिवाळाभर बर्फाखालून उंदरासारखे प्राणी साल कुरतडतात आणि वरून काहीच दिसत नाही. घेराच्या अर्ध्याहून कमी साल गेली असेल तर झाड सहसा सावरतं, पण त्या वर्षी फळ धरायची ताकद त्यात नसते. पुढच्या हिवाळ्याआधी सहा मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी खोडाभोवती लावा, थोडी मातीत गाडलेली आणि वर बर्फाच्या नेहमीच्या थराहून उंच. सशांसाठी आणखी उंच. दुपारचं ऊन ज्या बाजूला पडतं तिथे साल उभी फाटली असेल तर ते हिवाळ्यातल्या ऊन-गारठ्याच्या झटक्यांचं काम. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्मं पाणी घालून खोडाला लावला की साल तापत नाही.

माती तपासणी इतक्या खाली ठेवली आहे ती मुद्दाम. फुलं भरपूर आणि फळ नाही, या तक्रारीत मातीचा दोष क्वचितच निघतो. वरचं सगळं पार पडलं आणि तरी उत्तर नाही, तरच प्रयोगशाळेत नमुना द्या. बोरॉनच्या कमतरतेनं फळधारणा खालावते, पण अहवालाशिवाय बोरॉन घालू नका, गरजेपेक्षा थोडं जास्त झालं तरी ते झाडाला विषारी ठरतं. ब्लूबेरी मात्र अपवाद आहे, तिला ४.५ ते ५.५ सामूची (पीएच) आम्लधर्मी माती लागते, तिथे माती आधी तपासा.

८. जात किंवा जागा बदलणं

थर्मामीटर वर्षानुवर्षं तेच सांगत असेल, तर झाड बदला. जर्दाळू थोड्या उबेनं जागं होतं आणि लवकर फुलतं, म्हणून उशिराच्या कडाक्यात सर्वांत आधी मरतं. त्याला उबदार भिंतीशी लावलं तर ते आणखी लवकर फुलतं. उशिरा फुलणाऱ्या सफरचंदाच्या जाती निवडा. सस्कॅचवान विद्यापीठानं १९९९ मध्ये आणलेली कार्माइन ज्युएल ही झुडपी आंबट चेरी एकटीनं फळते आणि कडाका सोसते. हॅस्कॅप या निळ्या फळांच्या झुडपाची उमललेली फुलं तर उणे ७ अंशांपर्यंत तग धरतात, फक्त त्याच्या दोन वेगळ्या जाती लागतात. काळे-लाल करंट आणि गूजबेरी या बारीक फळांच्या झुडपांवरही विसंबता येतं. सखल कोपऱ्यासाठी मी हीच झुडपं सुचवतो, आणि झाडं उताराच्या मधल्या भागात हलवायला सांगतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सफरचंद किंवा नाशपातीची फुलं काळी पडून चिकटून राहिली, फांदीचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकलं आणि सालीवर चिकट थेंब दिसले, तर ते फायर ब्लाइट असू शकतं. अर्विनिया अमायलोव्होरा या जिवाणूचा हा रोग कीटक, पाऊस आणि तुमची कात्री यांच्यामार्फत पसरतो. काही देशांत तो दिसल्यास सरकारी कृषी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. झाड ओलं असताना हात लावू नका, कापलेली फांदी खताच्या ढिगात टाकू नका, फोटो काढा आणि तुमच्या भागातल्या फलोत्पादन अधिकाऱ्याला दाखवा. ते सांगतील तेव्हा आणि तिथूनच कापा, सहसा दिसणाऱ्या रोगाच्या खाली वीस-तीस सेंटिमीटर, आणि प्रत्येक कापानंतर कात्री सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसून. चेरी किंवा जर्दाळूची फुलं करपून राखाडी बुरशी धरली तर तो मोनिलिनिया बुरशीचा रोग. तिथेही औषध कोणतं आणि कधी, हे जाणकाराकडूनच घ्या.

खोडाची साल पूर्ण वळ्यानं कुरतडली गेली असेल तर वेळ घालवू नका. वसंताच्या सुरुवातीला जखमेच्या वरून खाली काड्यांचे पूल जोडून झाड वाचवता येतं, पण ते सरावलेल्या हाताचं काम आहे. खोडाच्या बुडाशी अळंब्यासारख्या भूछत्र्या उगवल्या, खोड ठोकल्यावर पोकळ वाजलं, किंवा झाड एका बाजूला कलायला लागलं, तर शिडी लावू नका. मनगटाहून जाड फांदी शिडीवर उभं राहून करवतीनं कापायची वेळ आली, किंवा झाडाजवळून विजेची तार जाते, तर वृक्षतज्ज्ञच हवा. पानं पट्टीसारखी अरुंद होऊन पिळवटली असतील तर शेजारी कुठे तणनाशक फवारलं का, ते विचारा. अशा झाडाचं फळ तपासणीशिवाय खाऊ नका.

जाणकार येईल तेव्हा त्याच्या हातात जातीचं आणि खुंटाचं नाव, फुलोऱ्याची तारीख, त्या दिवसांतली रात्रीची किमान तापमानं, कापलेल्या फुलांचे फोटो आणि धाग्याच्या फांदीवरचा निकाल द्या. यातलं काहीच नसेल तर त्यालाही पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागतं.